डब्यावरचं कुंकू

माझ्याकडून केक नेणारी माणसं आजही डब्याच्या झाकणावरचा लाल ठिपका बघून थबकतात. कुणाला ते छापलेलं चिन्ह वाटतं. कुणी बोट लावून बघतं आणि मग ते बोट कुठं पुसावं हे न कळून माझ्याकडे बघत राहतं. कॉलेजातल्या एका मुलीनं तर सरळ सांगितलं, काकू, जरा जुनाट दिसतं हो, त्यापेक्षा एखादं छान स्टिकर करून घ्या. मी बरं म्हटलं आणि पुढच्या डब्यालाही कुंकूच लावलं. आमच्या घरची पद्धत आहे, एवढंच मी सगळ्यांना सांगते. गिऱ्हाइकाला घाई असते आणि ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. आई त्या वेळी जेवढी होती त्याहून मी आता मोठी आहे, उठताबसता गुडघे कुरकुरतात, तेव्हा एकदा बसून लिहूनच टाकावी म्हणते.

घर नालवाडीतलं. समोरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या अंगाला वेगळं दार असलेली एक सामानाची खोली. फाटकाशी कडुनिंब. उन्हाळ्यात त्याच्या बारीक फुलांचा सडा पायरीवर पडायचा आणि आई तो दिवसातून कितीदा तरी झाडायची. वडील वर्ध्यातल्या एका पतसंस्थेत कारकून होते. आबा म्हणजे वडिलांचे वडील. आजी गेल्यावर सिंदी रेल्वे या गावाजवळचं शेत मोठ्या काकांच्या हवाली करून ते आमच्याकडे राहायला आले, आणि येताना अर्धं शेत सोबत घेऊन आले. तागडी, दोर, विळे, बैलांच्या घुंगरमाळा, कापसाची रिकामी पोती. ते सगळं सामानाच्या खोलीत गेलं, खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली आबांच्या करदोट्याला. आबांची आणखी एक वस्तू मात्र कुलपात गेली नाही. ती आमच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मागे बसली. कापसाचा एक पिवळट पडलेला पुंजका, त्यावर जुनं, काळपट झालेलं कुंकू. आई देव पुसताना तो पुंजका उचलायची, खालचं पुसायची आणि होता तसा परत ठेवायची. ते काय आहे असं तिनं कधी विचारलं नाही आणि आबांनी आपणहून सांगितलं नाही.

त्या घराचा वास माझ्या नाकात अजून आहे. मे महिन्यातली दुपार, खिडक्यांवर ओले पडदे, कूलरच्या भिजलेल्या वाळ्याचा गार वास, आणि त्यातून आतल्या खोलीकडून हळूहळू येणारा व्हॅनिलाचा. मी मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून पडलेली असे. डोळे मिटत आणि उघडत. कुठवर जागी आहे आणि कुठून झोप लागली हे कळायचं नाही. ओव्हनची बारीक घरघर, आईच्या बांगड्यांचा आवाज, भांड्यात क्रीम फेटल्याचा आवाज, आबांचं घोरणं, सगळं एकमेकांत मिसळून जायचं. त्या गुंगीत मला वाटे की हे घर जमिनीवर नाहीच, कुठल्यातरी मऊ पांढऱ्या गोष्टीवर ठेवलेलं आहे आणि जरासं हलतं आहे. मग एकदम सगळं बंद व्हायचं. कूलर थांबे, पंखा थांबे, ओव्हनची घरघर थांबे, आणि समोरच्या खोलीतून आबांचा आवाज येई.

"गेली लाईट. भाजून झाला का नाई तुमचा पाव?"

केक हा शब्द आबांनी कधी उच्चारला नाही. केकला ते पाव म्हणत, मग तो गुलाबाच्या फुलांचा असो की चॉकलेटचा. आमच्या घराच्या वायरिंगला ओव्हन आणि कूलर दोन्ही एकदम झेपत नसत, फ्यूज उडायचा. म्हणून पुढं नियमच झाला, ओव्हन चालू तर कूलर बंद. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवायचा म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. आबा उघड्या अंगानं दिवाणावर बसून टॉवेलनं वारा घेत आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात बोलत राहत. "शेत नाई, दुकान नाई. घरात भट्टी लावून बसली बाई. कोन खाते एवढं?" आईला ते ऐकू जायचं. ती ओव्हनच्या काचेतून आत बघत उभी राहायची, कपाळावरचा घाम दंडानं पुसत. तिनं उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. मला मात्र आबांचा राग यायचा, चांगला सणसणीत यायचा.

आबांचं आणखी एक दुखणं होतं, मेणबत्तीचं. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला ते एकदा गेले, केक कापायच्या आधीच उठून आले आणि पायरीवर बसून राहिले. मला म्हणाले, "बबे, पोराच्या वाढदिवसाले दिवा लावा लागते का इझवा लागते? फुकून इझवला अन् टाळ्या वाजवल्या. अन् मंग त्याच्याच नावावर सुरी चालवली." मी हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून तिनं नाव केकवर घालणं सोडलं. चॉकलेटची एक छोटी पट्टी करून तिच्यावर नाव लिहायचं आणि ती केकवर टेकवायची. कापायच्या आधी पट्टी उचलून ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात द्यायची. गिऱ्हाइकांना ती नवी फॅशन वाटली. आबांना हे तिनं कधी सांगितलं नाही.

गिऱ्हाइकांबद्दल लिहायला बसले तर हे प्रकरण संपायचं नाही. आईची फोनवरची एक वेगळी भाषा होती. फोन वाजला की ती पदर सारखा करायची, जणू पलीकडचा माणूस बघतोच आहे, आणि गोड, स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलायची. "हो मॅडम, नक्की मॅडम, करून देते ना." फोन ठेवला की लगेच घरची भाषा सुरू. "काऊन असे छळतेत व हे लोकं?" कुणी परदेशातल्या लग्नाच्या केकचा फोटो पाठवायचं, इमारतीएवढ्या केकचा, आणि खाली लिहायचं, असाच हवा, पण अर्धा किलोत. कुणाला सासऱ्यांच्या साखरेमुळे गोड अगदी कमी हवं असायचं, पण लागायला बेकरीसारखं गोड लागलं पाहिजे. कुणी पाच वाजता फोन करून सात वाजता केक मागायचं आणि आई अडखळली की म्हणायचं, तुम्ही तर घरीच असता ना. हे वाक्य आईला फार लागायचं. घरीच असता. ती ते दिवसभर चघळत राही.

आणि मजकूर. केकवर लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. नावाची पट्टी सुरू व्हायच्या आधी एका गृहस्थांनी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकसाठी जो मजकूर पाठवला तो मी अजून विसरले नाही. चिरंजीवास हार्दिक शुभेच्छा, त्याखाली शुभेच्छुक, त्याखाली आजोबा, काका, मामा वयाच्या क्रमानं, आणि शेवटी समस्त मित्रपरिवार. केक हातभर सुद्धा नव्हता. आई फोनवर म्हणाली, "बघते हं, बसवते," आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली. "बबे, चौकातला फ्लेक्स समजून राह्यला का हा मानूस केकले?" मी बसवला तो मजकूर. मामा केकच्या काठावरून खाली उतरले आणि मित्रपरिवार बाजूनं गोल फिरला. तरी संध्याकाळी फोन आलाच, धाकट्या काकांचं नाव मोठ्या काकांच्या वर कसं गेलं म्हणून.

घरच्यांचं तर विचारूच नका. वडिलांची बहीण, कुंदा आत्या, बोरगाव मेघेला राहायची. तिच्या घरी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच, आणि ती आदल्या दिवशी येऊन सांगायची, "वहिनी, साधाच कर, घरचाच तं हाये." घरचा म्हणून साधा, आणि साधा म्हणजे वर गुलाबाची फुलं, बाजूनं जाळी आणि आत अननस. फ्रीजमध्ये केक ठेवला की वडील नेमका त्याच्यावरच रसाचा गंज, भरलेलं पातेलं, ठेवायचे. रस आंब्याचा, म्हणजे त्याच्याशी भांडता येत नाही. केकला दह्याचा वास लागायचा, दह्याला व्हॅनिलाचा. कढी खाताना वडील थांबून विचारत, "हे काय घातलं आज?" आई म्हणायची, "प्रेम." एवढी एकच चेष्टा मी तिच्या तोंडून त्या दिवसांत ऐकली.

आईला ती सामानाची खोली हवी होती. बाकी तिला काही नको होतं. तिथं रस्त्याकडे दार होतं, वेगळी वायर ओढता आली असती, आबांच्या कूलरशी भांडण राहिलं नसतं, फ्रीज वेगळा ठेवता आला असता. दुपारी सगळे झोपले की ती कधी कधी त्या कुलूपबंद दाराच्या फटीतून आत बघायची. मी पाहिलंय तिला तशी, डोळा फटीला लावलेला, एक हात दाराच्या चौकटीवर. आतमध्ये पोत्यांचा ढीग, अंधार आणि धूळ. तिला तिथं काय दिसत असेल ते मला आता कळतं, कारण मला माझी खोली मिळाली तेव्हा मीही रिकाम्या भिंतींकडे तशीच बघत उभी होते. शेवटी वडिलांजवळ तिनं विषय काढला. आबांना काही सांगणं म्हणजे वडिलांना घाम फुटायचा. मग म्हणाले, निखाडे मॅडमचा केक येतोय ना, तो एक बिनतक्रार जाऊ दे, मी आबांशी बोलतो. पण त्यात काही बोंब झाली तर हा ओव्हन माळ्यावर. आबांनी किती दिवस उकडून घ्यायचं?

निखाडे मॅडम शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. मुलीच्या साखरपुड्याला त्यांना दोन मजली केक हवा होता, पूर्ण पांढरा. आधी गुलाबी म्हणाल्या होत्या, मग पिस्ता, मग पुन्हा गुलाबी, आणि शेवटी पांढरा. पांढरा म्हणजे पांढराच, मोत्यांची एक सर सोडून दुसरं काही नको, नाव नको, फूल नको, एक डाग नको. दर थोड्या दिवसांनी त्यांचा फोन यायचा आणि आई पदर सारखा करून म्हणायची, "हो मॅडम, दुधासारखा." आईनं हॉलवर येऊन केक मांडून देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, नको, तुमची यायची गरज नाही, मी गाडी घेऊन येते. फोन ठेवून आई कडुनिंबाखालचा सडा झाडायला गेली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी भाजणं झालं. त्या दुपारी एक गोष्ट घडली जिच्याकडे आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. आई ओव्हन लावायच्या आधी कूलर बंद करायला समोरच्या खोलीत गेली तर कूलर बंदच होता. आबा टॉवेल घेऊन बसले होते. तिला वाटलं लाईट गेली, पण ओव्हन तर लागला. मी पाणी द्यायला गेले तेव्हा आबा आढ्याकडे बघत आडवे झाले होते आणि बोलत होते. मला सांगत होते की स्वतःलाच, कोण जाणे. सिंदीच्या घराचं बोलत होते. कापूस वेचून झाला की समोरच्या खोलीत साठवायचा, वाढत वाढत तो पार आढ्याला लागायचा. पोरं त्याच्यावरच झोपायची. "आमी तं कापसावरच मोठे झालो, बबे. अंग टाकलं का खाली जाये मानूस. सारं घर पांढरं." मग वेचलेल्यातला डागी कापूस वेगळा काढायचा, त्याला कवडी म्हणायचं, तिला बाजारात भाव कमी; ते निवडायचं काम बायकांचं आणि पोरांचं. आणि पहिली बंडी, म्हणजे कापसाची बैलगाडी, बाजाराला सुटायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसानं ढिगाला हळदीकुंकू लावायचं. "पहिला माल घरातून कोरा नाई जाऊ देत कोनी." मी ऐकत ऐकत चटईवर पेंगले. व्हॅनिलाचा वास येत होता, आणि आबांचा तो पांढरा ढीग आणि आतल्या खोलीतला केक झोपेत एकच होऊन गेले. मला वाटतं आबांचंही तेच झालं असावं.

दुसऱ्या दिवशी आई फटफटायच्या आत उठली, हवा जरा गार असते म्हणून. फ्रीजचे कप्पे काढले, दूध, दही, रस सगळं शेजारी गेलं, आणि दहा वाजायच्या सुमारास तो केक पूर्ण होऊन फ्रीजमध्ये उभा राहिला. मी दार किलकिलं करून बघायची आणि आई ओरडायची. काय सांगू कसा दिसत होता. त्याच्या बाजू इतक्या गुळगुळीत होत्या की हात फिरवावासा वाटे आणि हात फिरवायची भीतीही वाटे. वडीलसुद्धा जाता जाता थांबले आणि म्हणाले, "जमला बापा." दुपारभर घर श्वास रोखून बसलं होतं. पंखासुद्धा हळू लावला होता. चार वाजता निखाडे मॅडमचा फोन आला, निघालोय. आईनं आणि वडिलांनी मिळून केक उचलून समोरच्या खोलीतल्या टेबलावर आणला, शेजारी मोठा डबा उघडून ठेवला. आई साडी बदलायला आत गेली, वडील गाडीसाठी फाटक उघडायला, आणि मी पुढं कोपऱ्यावर, मॅडमना घर दाखवायला.

मॅडम गाडी लावत होत्या तोवर मी आणि वडील आत आलो, तर आबा केकसमोर उभे होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात देवघरातलं हळदीकुंकवाचं तबक. वरच्या मजल्याच्या बरोबर मधोमध आधी हळद आणि तिच्यावर कुंकू, अंगठ्यानं नीट दाबून लावलेलं. क्रीमला ओल असते. कुंकू आमच्या डोळ्यांदेखत पसरत होतं, लाल कड गुलाबी होत होती. आबांनी हात जोडले होते आणि चेहरा असा की मी आजी गेल्यापासून तसा पाहिला नव्हता.

आई दारात आली. साडी अर्धी खोचलेली. ती केककडे बघत उभी राहिली, आणि आबा तिला म्हणाले, "आता जाऊ दे, सुनबाई. पहिला मोठा माल हाये तुया. कोरा नाई जावं."

तुझा माल. पाव नाही, भट्टी नाही. वडिलांच्या तोंडून शब्द सुटले, "आबा, हे काय केलं तुमी," आणि आई एवढ्या जोरात म्हणाली, "त्यायले काई बोलू नका," की वडील होते तिथं थांबले. मग तिनं पुढं होऊन आबांना वाकून नमस्कार केला. त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं असेल हे मी पुष्कळदा आठवून बघते. खोली गेली, ओव्हन माळ्यावर गेला, हे तिला दिसतच असणार. आणि तरी तो नमस्कार खोटा नव्हता. मला रडू येत होतं आणि ते कुणासाठी हे मला कळत नव्हतं.

मॅडम आत आल्या, रेशमी साडी, हातात गाडीची किल्ली. केक बघून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, हे काय? मी पांढरा सांगितला होता ना? एक डाग नको म्हटलं होतं." आबा बाजूला दिवाणावर बसले होते, कान जरा कमी, मॅडमकडे बघून कौतुकानं मान हलवत होते. आई मॅडमच्या अगदी जवळ गेली. मी तिच्या मागे होते म्हणून ऐकू आलं. फोनवरची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"केक पांढराच जाईन, मॅडम. पन म्हाताऱ्या मानसाचं बोट हाये ते. त्यायच्यासमोर मी पुसनार नाई. तुमच्यासंग येतो, हॉलवर करून देतो."

"तिथे पाहुणे आलेत हो. वेळ कुठे आहे?"

"तं मंग हा केक राहू द्या. पन इथं मी पुसत नाई."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आबांकडे बघितलं. त्या मुख्याध्यापिका होत्या, नाही म्हणायची सवय असलेल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाही आलेलंही मला दिसलं. पण त्या म्हणाल्या, "बसा गाडीत. लवकर." आईनं उरलेलं क्रीम, चपटी सुरी आणि बटर पेपर पिशवीत घातलं. मी आणि ती मागच्या सीटवर, मध्ये डबा. तो डबा आम्ही दोघींनी मांडीवर धरला होता. खिडकीतून गरम वारा येत होता आणि मॅडम गाडी इतकी हळू चालवत होत्या की मागून हॉर्न वाजत होते. मला ते जाणं अजून स्वप्नातल्यासारखं आठवतं, बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर माणूस नाही, आणि डब्यातून येणारा व्हॅनिलाचा आणि कुंकवाचा वास.

हॉलच्या मागे आचाऱ्यांची जागा होती, तिथल्या एका टेबलावर आईनं डबा उघडला. शेजारी कढईत पुऱ्या तळणं चालू होतं. कुंकू बरंच पसरलं होतं. तिनं सुरी तिरकी धरून तेवढा भाग एका तुकड्यात उचलला, जरा खोलवरून, म्हणजे गुलाबी काही राहू नये. तो तुकडा तसाच बटर पेपरवर ठेवला. मग नवं क्रीम लावून, सुरी फिरवत फिरवत तिनं वरची बाजू पुन्हा गुळगुळीत केली. सुरी पुसायला फडकं नव्हतं, ती पदराला पुसली. मी तो बटर पेपर चुरगळून उष्ट्या पत्रावळींच्या टोपलीत टाकायला निघाले तर तिनं माझा हात धरला. "तिथं नको टाकू. कुंकू हाये त्याच्यावर." तिनं कागदाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मॅडमनी केक बघितला, चष्मा वर सरकवून सगळ्या बाजूंनी बघितला, आणि म्हणाल्या, "छान झालाय." थोडं थांबून म्हणाल्या, "जेवून जा तुम्ही दोघी." आई नको म्हणाली. घरी आबा वाट बघत होते.

ऑटोनं परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, अजून टोपी घातलेली. वडील पायरीवर, आईच्या तोंडाकडे बघत.

"पोचला?" आबा म्हणाले.

"पोचला, आबा."

"कुंकवासंगच?"

"हो. तसाच गेला." आईला खोटं बोलणं अजिबात जमायचं नाही, पण हे तिनं स्वच्छ सांगितलं.

आबांची नजर तिच्या पदरावर गेली. पदराच्या टोकाला लाल डाग, त्याच्याभोवती वाळलेलं क्रीम. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून आत जातील आणि पुन्हा कधी आईशी बोलणार नाहीत.

"बबे, मायले पानी आन," ते म्हणाले. मी हलले नाही. मग ते आईला म्हणाले, "ढिगाले कुंकू लावलं का त्याच्यातलं तेवढं बोंड काढून घ्या लागते. नाई तं माल डागी होते, कवडीत जाते. तुयी सासू काढून घ्यायची. ध्यानातच नाई राह्यलं मले. आता कोन काढन ते." त्यांनी हात पुढं केला. "कुठं ठेवलं?"

आईनं पर्स उघडली, ती घडी काढली आणि आबांच्या हातावर ठेवली. आबांनी ती दोन्ही हातांनी धरली, उठले आणि हळूहळू आत गेले. बाळकृष्णाच्या मागे, त्या पिवळट कापसाच्या पुंजक्याशेजारी, त्यांनी ती ठेवली. मेचा महिना, आत क्रीम, सकाळी देवघरात मुंग्यांची रांग लागायची ती लागलीच. पण मुंग्यांच्या आधी मला दुसऱ्याच आवाजानं जाग आली. फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज. डोळे चोळत मी बाहेर आले तर सामानाच्या खोलीचं दार उघडं, उजेडात धूळ तरंगत होती, आणि आबा एकेक पोतं ओढून अंगणात आणत होते. आई दारात उभी होती, एक हात चौकटीवर, त्या फटीतून बघायची तशीच.

"तागडी राहू दे भिंतीले," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "बाकी सारं सिंदीले नेते तुया जेठ. अन् पुढच्या खेपेले मी डब्याले लावीन कुंकू. डब्याचा भाव कोनी करत नाई."